नांगरासाठी नको, ब्लोअरसाठी ट्रॅक्टर घे

या वेळचं पत्र दिंडोरी तालुक्यातून आलंय. लांबलचक होतं, कामापुरतं देते.

"ताई नमस्कार. मी सातपूरला कंपनीत आहे, सुट्टीच्या दिवशी गावी येऊन शेती बघतो. एकूण अडीच एकर. त्यात एक एकर द्राक्ष, वाय पद्धत (वाय आकाराच्या आधारावर वेल), नऊ बाय पाच म्हंजे ओळी नऊ फुटांवर, वेली पाच फुटांवर, ती खालच्या काळ्या जमिनीत. वरचा तुकडा मुरमाड, तिथं टोमॅटो नाहीतर कांदा. आतापर्यंत सगळं भाड्याच्या ट्रॅक्टरवर चाललं. मागच्या सिझनला छाटणीनंतर पाऊस लागला, ब्लोअरवाला (ट्रॅक्टरमागे लावायच्या टाकी-पंख्याच्या फवारणी यंत्राचा मालक) तीन दिवस आलाच नाही आणि डावणीने (बुरशीचा रोग) निम्मी बाग गेली. आता जुना ट्रॅक्टर घ्यायचा ठरवलाय. बजेट अडीच लाख, फार तर पावणेतीन. तीन बघितलेत. एक १५ एचपी, सिंगल सिलिंडर, टू व्हील (ताकद फक्त मागच्या चाकांना), २०१६ चा, शेजारच्या गावातल्या ओळखीच्या माणसाचा, १ लाख ६० हजार. दुसरा २१ एचपी, तीन सिलिंडर, फोर व्हील (ताकद चारही चाकांना), २०१८ चा, पिंपळगावला एका यार्डात, २ लाख ९० हजार, चकाचक रंग मारलेला. तिसरा आबांच्या मनातला, ३५ एचपीचा मोठा, २०१२ चा, २ लाख ६० हजार. आबा म्हणतात मिनी म्हंजे खेळणं, घ्यायचा तर मोठाच घे, भाड्यानेही चालेल. कुठला घेऊ? आणि सोबत ट्रॉली पण घेऊन टाकू का?"

अरे भाऊ, पत्र दोनदा वाचलं. एचपी सांगितलीस, सिलिंडर सांगितलेस, रंग सांगितलास, आबा काय म्हणतात ते पण सांगितलंस, पण अख्ख्या पत्रात ब्लोअर फक्त एकदाच आला आणि तोही दुसऱ्याचा. तुझा ब्लोअर कुठंय? ज्या कारणासाठी ट्रॅक्टर घ्यायला निघालास ते कारण फवारणी आहे ना, तीन दिवस ब्लोअरवाला आला नाही म्हणून बाग गेली ना, मग अडीच लाखात ब्लोअर धरलायस का नाही? मला वाटतं नाही धरलेला. बहुतेक जण नाहीच धरत. ट्रॅक्टर दारात येतो, हार घालतात, पेढे वाटतात आणि मग ऑगस्टमध्ये ब्लोअरच्या पैशासाठी सोसायटीत चकरा.

म्हणून आधी कामं मोजू. नांगरट तुला वर्षातून एकदा, तीही वरच्या तुकड्याची, त्याला गावातला मोठा ट्रॅक्टर भाड्याने बोलव, दोन दिवस उशिरा आला तर काही बिघडत नाही. कांद्याला रोटर मारणं, टोमॅटोला बेड पाडणं, हे पण चार दिवस मागेपुढे चालतं. पण पोंगा अवस्थेपासून (छाटणीनंतर डोळे फुटायला लागतात ती) फुलोऱ्यापर्यंत पाऊस झाला की स्प्रे त्याच दिवशी पाहिजे, कधी दिवसाआड, कधी तर सकाळी मारलेला दुपारच्या सरीने धुतला की संध्याकाळी परत, आणि त्या दिवशी भाड्याचा ब्लोअर मिळणारच नाही कारण ज्याचा ब्लोअर आहे त्याच्या स्वतःच्या बागेत पण तोच पाऊस पडलेला असतो. तो वाईट माणूस नाहीये, त्याच्या जागी तू असतास तरी आधी स्वतःचीच बाग धरली असतीस. तेव्हा स्वतःचा ट्रॅक्टर पाहिजे तो या वीस-पंचवीस दिवसांसाठी. बाकी वर्षभर जे काय करेल तो बोनस समज.

आता तुझ्या एका एकराला केवढा ब्लोअर लागतो? नऊ फुटी ओळ धरली तर एकराच्या सगळ्या ओळी मिळून ४ हजार ८४० फूट होतात, म्हंजे जेमतेम दीड किलोमीटर. ताशी चार किलोमीटरने गेलास तर वीस-बावीस मिनिटं, वळणं आणि टाकी भरणं धरून पाऊण तास. वेल पानांनी पूर्ण भरला की पाणी चारशे लिटरच्या आसपास जातं, पोंग्याला त्याहून बरंच कमी. मग तुला सहाशे लिटरची टाकी कशाला पाहिजे? सगळीकडे सहाशेच दिसते कारण त्यांच्या बागा पाच-सहा एकराच्या आहेत. सहाशे लिटर पाणी म्हंजे सहाशे किलो, वरून लोखंड, फॅन, पंप यांचे दोन-अडीचशे, झाले साडेआठशे, आणि मिनी ट्रॅक्टरची लिफ्ट (मागचं अवजार उचलणारी) किती उचलते? १५ एचपीच्या युवराज २१५ ची कंपनी सांगते ७७८ किलो, कुबोटाच्या २१ एचपीवाल्या ए२११एन ची ७५०. बघ, एचपीत सहाचा फरक आणि लिफ्ट जवळपास सारखीच. तेही लिंकच्या (अवजार जोडायच्या मागच्या दांड्यांच्या) टोकाशी मोजलेलं, टाकी तर अजून मागे लटकते म्हंजे प्रत्यक्षात त्याहून कमीच धरायचं. तीनशे किंवा चारशेचा ब्लोअर बघ, सेकंड हँड पण मिळतो, लिफ्ट पण रडत नाही आणि ट्रॅक्टरचं पुढचं तोंड पण वर होत नाही.

एचपीबद्दल एकच सांगते. बोनटवर लिहिलेली एचपी इंजिनची असते, ब्लोअरला मिळते ती पीटीओची, म्हंजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टची. १५ एचपीच्या युवराजला पीटीओवर साधारण साडेअकरा मिळते, २१ च्या ए२११एन ला साधारण पंधरा. ब्लोअरच्या प्लेटवर किती एचपी लागते ते लिहिलेलं असतं, ते वाच आणि पीटीओच्या आकड्याशी जुळव, बोनटच्या नाही. फॅनच सगळी ताकद खातो, पंपाला फार लागत नाही. अंगापेक्षा मोठा फॅन लावला की चढाला इंजिन दबतं, हवा कमी पडते, औषध पानाच्या वरच्या बाजूला बसतं आणि डावणी तर पानाच्या खालून येते. मग माणूस म्हणतो औषध डुप्लिकेट होतं.

आबांचा मोठा ट्रॅक्टर. त्यांना नाही म्हणू नकोस, वाद घालू नकोस, टेप घेऊन बागेत जा. नऊ फुटाची ओळ कागदावर नऊ फूट असते, वायचे हात आणि लोंबलेल्या काड्या धरल्या की मधे पाच-साडेपाच फूट उरतात, मोठ्या ट्रॅक्टरची मागची चाकं बाहेर-बाहेर मोजली की तेवढीच भरतात. वर सायलेन्सर, वर सीटवर बसलेला माणूस. मग गावातल्याच कोणाचा तरी तसलाच ट्रॅक्टर घटकाभर माग, आबांना स्वतः सीटवर बसव आणि चहा झाल्यावर एक ओळ घालायला सांग, बाकी तू काही बोलायचं नाही. भाड्याच्या धंद्याबद्दल मात्र मी स्पष्ट बोलते, तू आठवडाभर सातपूरला, आबांचं वय झालं, मग चालवणार कोण, ड्रायव्हर ठेवणार, डिझेल रोख आणि भाडं उधार, पोळ्याला देतो, दिवाळीला देतो, कांदा विकला की देतो. आमच्याकडे एका वहीत अजून लोकांकडची बाकी आहे, वहीला वाळवी लागली.

मग राहिले दोन. इथं तुझ्या पत्रातलं एकच वाक्य माझ्या कामाचं आहे, द्राक्ष खालच्या काळ्या जमिनीत आहे. बाग वरच्या मुरमाडात असती तर मी डोळे झाकून सांगितलं असतं, टू व्हील घे, पैसे वाचव, मुरूम तासाभरात पाणी सोडतो. पण काळ्यात पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी चप्पल निघत नाही, आणि फवारणी तर त्याच दिवशी आहे. ज्या दिवशी ट्रॅक्टर सगळ्यात जास्त लागतो त्याच दिवशी जमीन सगळ्यात वाईट असते, हे लोक उन्हाळ्यात ट्रॅक्टर बघायला जातात तेव्हा विसरतात. टू व्हील चिखलात एका जागी फिरतो, चर पाडतो, मग त्या चरातच दर वेळी चाक जातं, मुळ्या दबतात. शिवाय मागे टाकी भरलेली असताना हलक्या ट्रॅक्टरचं पुढचं चाक जेमतेम टेकलेलं असतं, स्टिअरिंग फिरवलं तरी सरळच जातो आणि समोर डांब. तेव्हा माझं मत फोर व्हीलकडे, फक्त तो रंग मारलेला आहे म्हणून मला शंका आहे, आणि किंमत जास्त सांगतोय. आता तो कसा तपासायचा ते नीट ऐक, इथंच खरं काम आहे.

रंगाचं आधी. नवा रंग वाईटच असतो असं नाही, विकताना लोक घर पण रंगवतात. पण आपल्या भागातला मिनी ट्रॅक्टर तासांनी म्हातारा होत नाही, औषधांनी होतो. मोरचूद-चुना, गंधक, काय काय त्याच्यावर उडतं आणि धुतं कोण रोज? दोन हजार तास चाललेला कांद्याचा ट्रॅक्टर आतून ठणठणीत असतो आणि हजार तासांचा बागेतला ट्रॅक्टर पत्र्यापासून वायरीपर्यंत खाल्लेला असतो. म्हणून वरून बघू नकोस, खालून बघ. सीट उचल, खालचा पत्रा बघ. मडगार्डचे बोल्ट आतल्या बाजूने बघ, डोकी राहिलीत का नुसते गोळे झालेत. मागच्या बाजूची वायरिंग, लाइटच्या सॉकेटमधे निळी-हिरवी बुरशी धरलीये का बघ, ती तांब्याची, वायर आतून मेलेली असते. स्टार्टर आणि डायनामोच्या टर्मिनलला तेच. रंग रबरी पाइपवर, वायरींवर, स्टिकरवर, चेसिसच्या प्लेटवर उडालाय का, उडाला असेल तर घाईत झाकाझाकी केलीये, आणि नटांच्या डोक्यावरचा रंग पान्याने खरवडलेला असेल तर रंगानंतर पण कोणीतरी ते उघडलंय, का उघडलं ते विचार.

रेडिएटरची जाळी काढायला सांग. बागेतल्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या फटीत औषध, धूळ, द्राक्षाची वाळकी पानं यांचा सिमेंटसारखा लगदा बसतो, मग थंडीत चालतो आणि एप्रिलमधे खरड छाटणीच्या उन्हात तापतो. साफ करताना पाणी फॅनच्या बाजूने पुढे मारायचं, पुढून मारलं तर घाण अजून आत जाते, हे आमच्या भागातल्या कितीतरी पोरांना माहीत नाही. रेडिएटरचं झाकण गार असतानाच उघड, तेलाचा तवंग दिसला की तिथूनच नमस्कार करून परत ये, आणि इंजिन ऑइलची कांडी काढल्यावर चहासारखं दुधाळ ऑइल दिसलं तरी तेच.

स्टार्टिंग. यार्डवाल्याला सांग दहाला येतो आणि पोच आठला. पहिलं काम, हात सायलेन्सरच्या मुळाशी, मॅनिफोल्डवर लाव. गरम लागला तर आपल्या येण्याआधी चालू करून ठेवलाय, सरळ म्हण मी उद्या येतो. गार इंजिन किती सेल्फवर धरतं, धूर कुठल्या रंगाचा येतो ते बघ, थोडा पांढरा येऊन गेला तर चालतं, निळा येत राहिला तर ऑइल जळतंय. ऑइल भरायचं झाकण चालू इंजिनवर उघड, थोडी वाफ ठीक, फसफस करून धूर मारत असेल तर बोअर गेलंय म्हंजे सिलिंडर आतून झिजलाय, इंजिनचं काम अंगावर येणार. आणि एक गंमत, जानेवारीत निफाडचा पारा उतरतो ना, तेव्हा बघितलेला ट्रॅक्टर खोटं बोलू शकत नाही, मेमधे तर प्रत्येक इंजिन पहिल्या सेल्फला उठतं. उन्हाळ्यात घेत असशील तर निदान हीटर प्लग आणि बॅटरी तरी वेगळी तपासून घे.

तासांच्या मीटरवर माझा विश्वास नाही. केबल तुटलेली असते, मीटर बदललेला असतो. मीटर म्हणतोय आठशे तास आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगवर अंगठ्याची जागा झिजलेली, खालच्या लिंकची भोकं अंड्यासारखी लांबट, तर मग आठशे कसले. पिना आणि भोकं खोटं बोलत नाहीत, त्यांना रंग पण मारता येत नाही. आणि मूळ टायरवर वर्ष-आठवडा छापलेला असतो, चार आकडी, शेवटचे दोन आकडे वर्षाचे, २०१८ च्या ट्रॅक्टरला '१८' चं टायर आणि निम्मी नक्षी शिल्लक, म्हंजे खरंच कमी चाललाय.

फोर व्हीलला टायरचं अजून एक आहे, आणि ते महत्त्वाचं आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांचं प्रमाण कंपनीने गिअरमधे बसवलेलं असतं. कोणी स्वस्तात मिळाले म्हणून पुढे दुसऱ्याच साइजचे टायर टाकले, किंवा पुढचे कोरे आणि मागचे अगदी टकले, तर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडत चालतात आणि भांडण निस्तरतो पुढचा एक्सल. साइज टायरवर वाच आणि मॉडेलच्या माहितीपत्रकाशी जुळव. पुढच्या दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूला ऑइल ओघळलंय का, सील गेलंय का ते हात लावून बघ, धुऊन ठेवला असेल तर अर्धा तास चालवून परत बघ. जॅक लावून पुढचं चाक उचल, वर-खाली आणि आडवं हलव, किंगपिनचा (चाक ज्या पिनेवर वळतं तिचा) ढिलेपणा लगेच कळतो. फोर व्हील डांबरावर टाकून बघू नकोस, मऊ रानात टाक आणि मित्राला पुढच्या चाकाकडे बघत चालायला सांग, पुढचं चाक माती ओढतंय का नुसतं गडगडतंय. आवाज कटकट आला तर सोड.

क्लच बघायची सोपी रीत, वरच्या गिअरमधे टाकून, ब्रेक दाबून हळूच क्लच सोड, इंजिन बंद पडायला पाहिजे, बंद न पडता गुरगुरत राहिलं तर प्लेट संपली. ही एवढी एकच परीक्षा आणि एकदाच, दहा वेळा करून त्याची प्लेट जाळू नकोस.

आणि आता सगळ्यात मोठी परीक्षा, जी कोणी घेत नाही. ब्लोअर लाव. तुझा नाही, तर कोणाचा तरी दोन तास माग, पिकअपमधे टाकून यार्डात ने. लाज वाटू देऊ नकोस, पावणेतीन लाख देतोयस. टाकी पाण्याने काठोकाठ भर, लिफ्ट वर घे आणि इंजिन बंद कर. जुनी लिफ्ट जरा-जरा खाली येतेच, पण तू चहा संपवेपर्यंत टाकी जमिनीला टेकली तर आत सील-ओरिंग गेलंय. मग चालू कर, पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर घे, फॅन चालू, नोझल चालू, आणि अर्धा तास तसाच चालू दे. मीटरवर ५४० ची खूण असते, काटा तिथून घसरतो का बघ. तापमानाचा काटा बघ. पीटीओच्या शाफ्टच्या मुळाशी ऑइल येतंय का बघ, शाफ्टचे दाते हाताने चाचप, धारदार झालेत का. फॅन चालू असताना मात्र शाफ्टच्या जवळ जायचं नाही, टॉवेल, मफलर, ओढणी काही अंगावर लोंबतं ठेवायचं नाही, आणि शाफ्टवर कव्हर नसेल तर ते त्याच दिवशी विकत घ्यायचं, पेढे नंतर. अर्ध्या तासाने यार्डवाला कंटाळलेला असेल आणि तुला ट्रॅक्टर कळलेला असेल. जो ही परीक्षा करूच देत नाही त्याच्याशी भाव करत बसू नकोस. (मी गेले की मला पण विचारायचे, "मालक नाही आले का?" मी म्हणायचे, मालक टाकी भरतायत, तुम्ही सेल्फ मारा.)

सोबत फिटर ने, पण यार्डाने सुचवलेला नको, तुमच्या गावात ज्याच्याकडे हाच ट्रॅक्टर दुरुस्त होतो तो ने. त्याला दिवसाची मजुरी दे आणि आधीच विचार की याचे पार्ट कुठून आणतोस, किती दिवसांत. मॉडेलपेक्षा पार्ट आणि फिटर जवळ असणं मोठं. फोर्सने २०२४ मधे ट्रॅक्टर बनवणंच बंद केलं, त्यांचा ऑर्चर्ड आपल्याकडे बऱ्याच बागांत आहे आणि चांगला चालतो, पण आता तो घेणाऱ्याने पार्टची चौकशी जास्त करावी एवढंच. कॅप्टन, व्हीएसटी, स्वराज ७१७ हे बाकीचे मिनी, सगळ्यांना हाच प्रश्न लाव, तुझ्या तालुक्यात कोण उघडतो.

कागदांचं. ट्रॅक्टरला दोन एचपी असतात, एक इंजिनची आणि एक बँकेची. आरसीवर बँकेचं किंवा फायनान्सचं नाव चढलेलं असेल तर ती दुसरी एचपी (हायपोथिकेशन, म्हंजे कर्जाचा बोजा), ती आधी उतरली पाहिजे, त्याला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, एनओसीची तारीख बघायची, तिला मुदत असते. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकलास की बोजा, इन्शुरन्स, आरसीची मुदत दिसते, पहिली मुदत १५ वर्षांची, म्हंजे २०१८ वाल्याला २०३३ पर्यंत चिंता नाही, आबांच्या २०१२ वाल्याची २०२७ लाच संपते. इंजिन नंबर, चेसिस नंबर लोखंडावर वाच आणि आरसीशी एकेक आकडा जुळव, प्लेटवरचा वाचून समाधान मानू नकोस.

मी काय केलं ते ऐक. माझा पहिला जुना ट्रॅक्टर ओळखीतूनच घेतला, माणूस चांगला, ट्रॅक्टर पण चांगला, पैसे दिले, दारात आणला. आरसी त्याच्या वडिलांच्या नावावर आणि वडील वारलेले. तो म्हणाला करून देतो वहिनी, आठ दिवसांचं काम. वारसाने आधी स्वतःच्या नावावर करून घ्यायचा असतो, त्याचा फॉर्म वेगळा, ३१ नंबरचा, आणि त्याला दोन बहिणी, एकीची सही दोन महिन्यांत मिळाली, दुसरीचं भावाशी जमिनीवरून बोलणं बंद. दीड वर्ष पेठ रोडला आरटीओत चकरा मारल्या, तेवढ्या काळात मी ट्रॅक्टर घेऊन हायवेला गेले नाही, इन्शुरन्स मेलेल्या माणसाच्या नावावर, उद्या कोणाला धक्का लागला तर? शेवटी त्या बहिणीकडे मीच साडी घेऊन गेले. तेव्हा तो ओळखीचा १५ एचपीवाला स्वस्त आहे म्हणून वळायला लागलास तर आरसीवर नाव कोणाचंय ते आधी बघ. ओळखीत माणूस कागद मागायला लाजतो.

अजून एक, मिनी ट्रॅक्टरच्या बाबतीत हे जास्त येतं. सामाजिक न्याय विभागाची बचत गटांसाठी योजना आहे, ९० टक्के अनुदानावर ९ ते १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर अवजारांसकट मिळतो. असा ट्रॅक्टर परस्पर विकायचा नसतो, गटाकडून तसं लिहून घेतलेलं असतं. महाडीबीटीवरून अनुदानात घेतलेल्यांचं पण अटीचं असतंच. १५ एचपीवाला गटाच्या नावावरचा निघाला तर कितीही स्वस्त असला तरी हात लावू नकोस, नावावर होणार नाही आणि गरीब गटाला पण अडचणीत टाकशील. हप्ते थकले म्हणून फायनान्सने ओढून आणलेला असेल तर तिथं बहुतेक वेळा बघून घ्या म्हणतात, चालवून देत नाहीत, आणि ब्लोअर लावून बघायचं नावच नाही, मला तो जुगार आवडत नाही.

आता भाव. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. कराआधी चार लाखाच्या नव्या ट्रॅक्टरवर सरळ २८ हजारांचा फरक पडतो. नवा स्वस्त झाला की जुना पण उतरायला पाहिजे, पण यार्डवाले नव्याच्या जुन्या किमतीचाच हिशोब धरून बसतात. त्याच मॉडेलच्या नव्याचं आजचं कोटेशन खिशात घेऊन जा, न बोलता टेबलावर ठेव. २ लाख ९० ला तो घेऊ नकोस. सगळ्या परीक्षा पास झाला तर अडीचच्या आसपास आण, आणि दोन-तीन बारीक दुखणी निघाली, बॅटरी, सील, पुढचे टायर, तर त्यांचे भाव आधीच दुकानात विचारून ठेव म्हणजे "कमी करा हो" म्हणायच्या ऐवजी आकडा सांगता येईल. अडून बसला तर गुढीपाडव्यापर्यंत थांब. पाडव्याला आणि दसऱ्याला लोक नवे घेतात आणि जुने एक्स्चेंजला सोडतात, त्यानंतरच्या पंधरवड्यात शोरूमच्या मागच्या अंगणात बघायला भरपूर असतं. मार्च-एप्रिलमधे द्राक्ष उतरली की विकणारे पण जास्त. ऑगस्ट-सप्टेंबरमधे मात्र जाऊच नकोस, छाटणी तोंडावर आलेली असते आणि विकणाऱ्याला तुझी घाई चेहऱ्यावर दिसते. उन्हाळ्यात ट्रॅक्टर, गणपतीच्या आत जुना चारशेचा ब्लोअर, असं दोन हप्त्यांत केलंस तर पावणेतीनची ओढाताण पण सुसह्य होईल. फोर व्हील नापास झाला तर दुसरा फोर व्हील शोध, त्याच्याऐवजी १५ वाला घेतलासच तर पुढे वजनं लावून घे आणि टाकी तीनशेच्या वर नको.

इसार पावतीवर एक ओळ लिहून घे, "कागद नावावर झाल्यावर उरलेले पैसे", आणि निदान वीस-पंचवीस हजार खरंच मागे ठेव. नावावर करायचा अर्ज तीस दिवसांच्या आत टाकायचा असतो. इन्शुरन्स पण लगेच स्वतःच्या नावावर.

ट्रॉलीचं विचारलंस. नको. पंधरा-एकवीस एचपीच्या मागे लोक भरलेल्या कॅरेटची ट्रॉली लावतात आणि उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलत नेते, तिला स्वतःचे ब्रेक नसतात, वर तिची पासिंग वेगळी. तुझा माल वर्षातून किती वेळा जाणार, टोमॅटोला पिकअप दारात येतो, कांदा पण पिकअपनेच जातो. त्याऐवजी तेवढ्या पैशात टाकी भरायला बागेच्या कडेला हजार लिटरची उंच टाकी बसव, खालून दोन इंची वॉल्व्ह काढ, चारशे लिटर काही मिनिटांत भरतं. आबांना तेवढं एक काम नक्की आवडेल, वॉल्व्ह सोडायचा आणि "पुरे का रे" म्हणून ओरडायचं.